घरच्या स्विमिंग टँकजवळ लहान लेकरं : जाळी, झाकण, अलार्म की नुसतं लक्ष?

मांजरा_काठ
नमस्कार मंडळी. लातूरच्या बाहेर आमच्या रानातच घर बांधतोय. प्लॅनमध्ये मागच्या अंगाला छोटा टँक आहे. २० फूट बाय १० फूट, खोली सगळीकडे ४ फूट. खड्डा झालाय, आरसीसीचं काम पुढच्या महिन्यात. घरात लेक पाच वर्षांची, पोरगं दीड वर्षाचं. सुट्टीत बहिणीची दोन येतात, ती तर एका जागी दोन मिनिटं थांबत नाहीत.

आर्किटेक्टनं हॉलमधून सरकतं काचेचं दार काढलंय, थेट टँकच्या कट्ट्यावर. दिसायला झकास. बायको म्हणते, ते दार तिथं राहणार असेल तर मी त्या घरात पाऊल ठेवणार नाही. आर्किटेक्ट म्हणतो, अलार्म लावू, कव्हर टाकू, काळजी करू नका. आणि अण्णा म्हणतात, "आपल्या जुन्या वाड्यात आड होता, तुम्ही सगळी भावंडं त्याच्याशेजारी वाढलात, कोण पडलं?"

तिघांचं ऐकून माझं डोकं फिरलंय. ज्यांच्याकडे टँक आहे किंवा ज्यांना यातलं कळतं त्यांनी सांगा, खरं उपयोगाचं काय आणि नुसती जाहिरात कोणती?

खवचट_खंडू
लातूर आणि स्विमिंग टँक! २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा अख्खं गाव बघाय गेलं होतं स्टेशनावर. आता तुमचा टँक बघाय येऊ लालो. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

बारव
खंडूभाऊंनी हसत म्हटलं, मी न हसता म्हणतो. २० × १० × ४ म्हणजे ८०० घनफूट, साधारण साडेबावीस हजार लिटर. १२ एप्रिल २०१६ ला पहिली जलदूत एक्स्प्रेस आली तेव्हा तिच्यात ५ लाख लिटर होतं. असे बावीसेक टँक भरले की ती रेल्वे रिकामी. ज्या जिल्ह्यात हे घडलं तिथं करमणुकीसाठी एवढं पाणी साठवावं का, याचं उत्तर धागाकर्त्यानं आधी स्वतःला द्यावं.

मांजरा_काठ
बारव, मुद्दा मान्य. छताचं पावसाचं पाणी घेणार, फिल्टर लावून तेच फिरवणार, बदलायची वेळ आली तर दोनचार दिवस उघडं ठेवून क्लोरिन उडालं की झाडांना. तरी ज्याला भांडायचंय त्यानं वेगळा धागा काढावा, मी येतो. इथं लेकरांचं बोलू.

सुनंदा_परभणी
वहिनींना माझं पूर्ण अनुमोदन. ते दार भिंत घालून बंद करा. सरकतं दार दीड वर्षाचं लेकरू उघडत नाही हा गैरसमज आहे. माझ्या भाच्यानं खालच्या कडेला दोन्ही तळवे टेकवून ढकलून उघडलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. कडी वर लावली तर तुम्ही मोठी माणसंच हातात पोहे-चहा घेऊन जाताना ती उघडी टाकता. कडीचा नाही, माणसांचा भरवसा नाही.

अभिजात_आळशी
सीसीटीव्ही लावा. मोबाइलवर सतत दिसतं.

खवचट_खंडू
आळशीदादा, सीसीटीव्ही लेकराला पाण्यातून बाहेर काढत नाही, नुसता व्हिडिओ देतो.

गोदावरी_ते_ब्रिस्बेन
मूळ नांदेडचा, गेली बरीच वर्षं ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडमध्ये. इथं घरोघरी टँक, म्हणून या बाबतीत कायदाही कडक. आमच्या घराच्या टँकची तपासणी होऊन सर्टिफिकेट मिळालं तेव्हा इन्स्पेक्टरनं काय काय मोजलं ते सांगतो, तुम्हाला तिकडे माप म्हणून वापरता येईल.

कुंपण टँकच्या चारही बाजूंनी हवं. तीन बाजूंना कुंपण आणि चौथ्या बाजूला घराची भिंत, त्या भिंतीत दार, हे नव्या टँकला चालतच नाही. कारण सरळ आहे. लहान लेकरू रस्त्यावरून येऊन बुडत नाही, आपल्याच घरातून चालत जातं. तुमच्या आर्किटेक्टचा प्लॅन नेमका तोच आहे.

उंची बाहेरच्या बाजूनं किमान १.२ मीटर, म्हणजे चार फुटांच्या जराशी खाली. जमीन आणि कुंपणाची खालची कड यांत १० सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नको, उभ्या गजांमध्येही तेवढीच. आडव्या पट्ट्या पोरांना शिडी होतात. कुंपणापासून ९० सेंटिमीटरच्या पट्ट्यात चढायला आधार होईल असं काही ठेवायचं नाही, कुंडी नाही, बाक नाही, एसीचं बाहेरचं युनिट नाही, झाडाची खालची फांदीसुद्धा नाही. आमचा इन्स्पेक्टर बार्बेक्यूच्या टेबलापाशी अडला होता. टेबल हलवा, मग सही.

गेट मात्र सगळ्यात महत्त्वाचं. ते बाहेरच्या दिशेनं, म्हणजे टँकपासून दूर उघडायला हवं. कुठल्याही कोनात सोडलं तरी आपोआप बंद होऊन खिट्टी आपोआप लागली पाहिजे. खिट्टीचं बटण जमिनीपासून दीड मीटर उंच. इन्स्पेक्टर गेट पूर्ण उघडून सोडतो, मग अर्धं, मग जेमतेम बोटभर उघडून सोडतो. बोटभर उघडल्यावर जे बंद होत नाही ते गेट नापास. बहुतेक गेटं तिथंच नापास होतात.

टँकजवळ सीपीआरचा, म्हणजे श्वास बंद पडलेल्याला तोंडानं श्वास देऊन, छाती दाबून कसं वाचवायचं त्याचा फलकही लावावा लागतो.

जुना_गडी
लै शिस्त झाली राव. आम्ही पांगऱ्याच्या लाकडाचा बिंडा पाठीला बांधून विहिरीत उडी मारली. काका वरून ढकलायचा आणि आजोबा खालून हसायचे. आठ दिवसांत मासोळी. आजकालच्या लेकरांना काचेत ठेवाय लागलेत, म्हणून ती घाबरतात. अण्णांचं बरोबर आहे, आड घरात असून कोण पडलं?

बारव
आता अण्णांच्याच बाजूनं बोलतो, जरा ऐकून घ्या. मी जुन्या वाड्यांचे, बारवांचे फोटो काढत फिरतो. वाड्यातला आड कसा असायचा ते आठवा. त्याला दगडी कठडा, मोठ्या माणसाच्या कमरेएवढा, आणि तो बाहेरून गुळगुळीत, पाय द्यायला कोनाडा नाही. पाणी भरून झालं की वर सागवानी फळी पडायची. मला एका ठिकाणी फळीला लोखंडी कडी आणि कुलुपाचा कोयंडासुद्धा सापडला. म्हणजे अण्णांच्या आडाला चारही बाजूंनी कुंपण होतं आणि वरून झाकण. रांगतं लेकरू आडात पडलं नाही ते आजोबांच्या नशिबानं नव्हे, कठड्यामुळे.

तुमच्या टँकचा काठ जमिनीला समतल आहे. त्याला कठडाच नाही. अण्णांना म्हणावं, आड जसा होता तसाच टँक करतोय.

मांजरा_काठ
बारव, हे अण्णांना वाचून दाखवलं. पहिल्यांदा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "फळी होती खरी, चोर येऊन दोर कापतील म्हणून." 🙂

सिस्टर_माई
मी बालरोग विभागात काम केलेली परिचारिका, आता निवृत्त. जुना_गडींना एवढंच सांगते की विहिरीत ढकलायचं वय आठ-दहा होतं. इथं दीड वर्षाच्या लेकराबद्दल चाललंय. दोन्हींचा काही संबंध नाही.

दीड-दोन वर्षांच्या लेकराचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं. वाकून खेळणं उचलायला गेलं की डोक्याकडून तोल जातो आणि पाणी कमरेइतकं खोल असायचीही गरज नसते. बादलीत वीतभर पाणी असलं तरी पुरतं, कारण तोंड पाण्याखाली गेलं की त्याला परत वर काढायची ताकद नसते. आणि सिनेमात दाखवतात तसं बुडताना कुणी हात हलवून ओरडत नाही. तोंड वर यायला वेळ मिळतो तो श्वास घ्यायला पुरत नाही, तर ओरडायला कुठून पुरणार? लहान लेकरू तर कोणताही आवाज न करता खाली जातं. "मी बाजूलाच होते, आवाज काहीच आला नाही" हे वाक्य आम्ही वॉर्डात फार ऐकलं. आई खोटं बोलत नसते.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ सालासाठी काढलेल्या अंदाजात जगभरात सुमारे ३ लाख लोक बुडून गेले. त्यातले जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालचे. त्याच वर्षापासून २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिवस पाळतात.

धाराशिवची_लेक
माई, तुमच्या "बाजूलाच होते" वर लिहायचं होतं. आमच्याकडे येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळं घरदार रानात असतं. पन्नास माणसं, भज्जी, आंबील, पाहुणे, गप्पा. लेकरं विहिरीकडे, शेततळ्याकडे. आणि सगळ्यांना वाटतं कुणीतरी बघतंय. नेमकं तेव्हाच कुणी बघत नसतं. घरी एकटी आई असते तेव्हा ती जास्त सावध असते.

आमच्या आजेसासूबाईंनी पूर्वीपासून एक पद्धत ठेवलीय. येळवसेला लेकरं राखायचं काम एकाला वाटून द्यायचं, आणि त्याच्या गळ्यात शिट्टी. त्यानं त्या वेळात जेवायचं नाही, मोबाइल दुसऱ्याकडे द्यायचा. उठायचं असेल तर शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात घालून, नाव घेऊन सांगायचं, "आता तू." नुसतं "बघ जरा" म्हणून निघून जायचं नाही. पुरुषांनाही पाळी असते, आणि पहिल्या वर्षी यावरून घरात बरीच बोलाचाली झाली होती.

सुनंदा_परभणी
ही शिट्टी आमच्याकडेही आणते. फक्त आमच्याकडच्या पुरुषांच्या गळ्यात ती पडेल का, हा प्रश्न आहे.

खवचट_खंडू
ताई, गळ्यात पडेल, पण वाजवायला हात रिकामा पाहिजे ना. एका हातात मोबाइल, दुसऱ्यात तंबाखू.

सय्यद_सर
मी पोहायला शिकवतो. दोन गोष्टी.

पहिली, हवा भरलेल्या बाह्या आणि बदकाच्या रिंगा ही खेळणी आहेत. सुरक्षेचं साधन नाही. हवा निघते, हात सटकतो, रिंगेतून लेकरू उलटं होतं. त्याहून वाईट म्हणजे ती घातलेल्या लेकराला वाटतं मला पोहता येतं, आणि एक दिवस ती न घालताच उडी मारतं. आईबापही तिथंच सैल पडतात. काही वापरायचंच असेल तर मापाचं, दोन पायांमधून पट्टा असलेलं लाइफ जॅकेट.

दुसरी, शिकवणं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं मत आहे की एक वर्षानंतर पाण्याची ओळख करून देणाऱ्या वर्गांनी धोका काहीसा कमी होऊ शकतो. मी चार वर्षांपासून घेतो, कारण त्या वयात सांगितलेलं कळतं. तुमच्या लेकीला नक्की लावा. पण क्लास झाला म्हणजे लेकरू बुडणार नाही असं कोणी सांगत असेल तर त्याच्या क्लासला पाठवू नका. मी पहिल्या आठवड्यात पोहणं शिकवतच नाही. पाण्यात पडलं की वळून काठ कसा धरायचा आणि काठाकाठानं पायऱ्यांपर्यंत कसं सरकायचं, तेच करून घेतो. बाहेर निघता आलं पाहिजे.

जुना_गडी, तुमच्या काकांना सलाम, पण ढकलून शिकवल्यामुळे जन्मभर पाण्याला भिणारी मोठी माणसं माझ्याकडे शिकायला येतात. त्यांचे आजोबा पण खालून हसले असतील.

तुतीवाला_बीड
धागा टँकचा आहे पण माझं शेततळ्याचं सांगतो. आमच्याकडे टँक दहा घरांत मिळून एक नाही, शेततळं मात्र शिवारभर. जालन्याकडं कडवंचीत तर द्राक्षासाठी किती तळी आहेत ते जाऊन बघा. २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळं' ही सरकारी योजना आली आणि आमच्या भागातही प्लास्टिकचा कागद अंथरलेली तळी वाढली. आणि आखाड्यावर राहणाऱ्या सालगड्याची लेकरं दिवसभर तिथंच असतात, तेव्हा ही गोष्ट फक्त बंगलेवाल्यांची नाही.

कागद ५०० मायक्रॉनचा, उतार तिरका. वाळलेला असला तर चालता येतं. पाण्याच्या रेषेला शेवाळ धरलं की त्यावर उभं राहायचं नाव नाही. हात टेकला की सरकतो, पाय टेकला की सरकतो. पट्टीचा पोहणारा असला तरी बाहेर निघता येत नाही, दमतो. मग काठावरचा दुसरा त्याला काढाय उतरतो आणि तोही अडकतो. एकाच घरातले दोन-दोन जातात ते ह्याच्यामुळं.

मी काय केलंय ते सांगतो. चारी बाजूंनी तारेची जाळी, वर एकच फाटक, कुलूप आणि किल्ली माझ्या कमरेला. आत चारी उतारांवर जाड नायलॉनचा दोर, हातहातभर अंतरावर गाठी मारलेल्या, वरचं टोक बांधाबाहेर गाडलेल्या खुंटाला आणि खालचं टोक पाण्यात. एका बाजूला जुने टायर एकाखाली एक बांधून शिडी. मधून आरपार एक दोर, त्याला रिकामे पाच लिटरचे कॅन बांधलेत तरंगायला. खर्च फार नाही, टायर फुकट मिळाले.

आणि कुणी पडलं तर आत उडी मारायची नाही. दोर फेका, लुगडं फेका, लांब बांबू द्या, झाकण लावलेला रिकामा कॅन फेका. स्वतः काठावर पालथं झोपून द्या, उभं राहून नाही.

मोटर पाण्याजवळ असेल तर आधी ती बंद. केबल सोललेली असली तर पाण्यात करंट असतो.

फॅब्रिकेशन_जालना
तुतीभाऊंचं मोटरचं टँकलाही लागू आहे. पाण्यातला दिवा १२ व्होल्टचाच घ्या, ट्रान्सफॉर्मर टँकपासून लांब कोरड्या जागी, आणि पंपाच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारं स्विच. इलेक्ट्रिशियन म्हणेल घराच्या मेन बोर्डला आहे, पुरे. नाही, टँकच्या लाइनला वेगळं बसवून घ्या आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबा.

आता आरसीसी व्हायचंय म्हणून एक घाईची गोष्ट. तळाला एकच ड्रेन ठेवू नका. पंप चालू असताना एकाच तोंडातून सगळी ओढ लागते. लहान लेकराचे केस, पोट, हात त्यावर चिकटला तर मोठ्या माणसालाही ओढून काढता येत नाही. अमेरिकेत अशा मृत्यूंनंतर २००७ साली त्यासाठी कायदाच झाला. दोन ड्रेन, एकमेकांपासून तीन-चार फूट लांब, एकाच पाइपला जोडलेले, आणि वर फुगीर झाकण, सपाट जाळी नाही. झाकण हललेलं, तुटलेलं दिसलं तर पाण्यात कोणी उतरायचंच नाही. पंपाचं बटण टँकवरून दिसेल, हाताला येईल अशा ठिकाणी. मोटर रूममध्ये कुलपात नाही. हे आत्ता केलं तर फुकटात होतं, नंतर कोबा फोडावा लागेल.

कव्हर म्हणून बुडबुड्याचं निळं प्लास्टिक दाखवतील. ते पाणी गरम ठेवायला आणि पालापाचोळा अडवायला. लेकरू त्यावर पडलं तर ते खाली जातं, प्लास्टिक वरून गुंडाळलं जातं आणि बाहेरून काही दिसत नाही. ते नसलेलं बरं. माणसाचं वजन पेलणारं, कडेला पट्ट्यांनी ताणलेलं कव्हर वेगळं असतं, महाग असतं आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर रोज कोणी लावत नाही.

अलार्म : लेकरू पाण्यात पडल्यावर वाजतो. जाळी पडण्याआधी अडवते. पैसे आधी जाळीत घाला.

अभिजात_आळशी
जालनेकर जाळीच घ्या म्हणणार. सळई खपली पाहिजे ना.

फॅब्रिकेशन_जालना
😄 खपतेच. पण टँकला मी साधं लोखंड देत नाही, क्लोरिनच्या ओलीनं वर्षभरात गंजतं. पावडर कोटिंगवालं अॅल्युमिनियम किंवा स्टेनलेस.

नारेगावकर
जरा विषयांतर. आमच्या छत्रपती संभाजीनगरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे प्रत्येक अंगणात जमिनीखाली हौद. टँक लाखातल्या एकाकडे, हौद सगळ्यांकडे. त्याचं झाकण बहुतेक ठिकाणी पातळ पत्र्याचं, दोन फूट बाय दोन फूट, बिजागरी तुटलेली. एरवी बंद असतं. टँकरवाला येतो तेव्हा झाकण बाजूला, पाइप आत, आणि तो पलीकडे फोनवर बोलत उभा. लेकरांना ते वाहतं पाणी बघायला फार आवडतं. अंगणात सगळी गोळा होतात. आमच्या गल्लीत एकाचं लेकरू त्या चौकटीत कमरेपर्यंत गेलं होतं, पाइपमुळे अडकलं म्हणून वाचलं.

मग आम्ही झाकणाच्या खाली चौकटीतच सळयांची जाळी बसवून घेतली. पाइप जाईल एवढीच भोकं. वरचं झाकण उघडं राहिलं तरी लेकरू आत जात नाही. गल्लीत बऱ्याच जणांनी केलं.

सुनंदा_परभणी
नारेगावकर, याला विषयांतर कोण म्हणेल? बाथरूममधली भरून ठेवलेली बादली आणि प्लास्टिकचा ड्रमही यातच येतो. पाणी जपून ठेवायची सवय आपल्या रक्तात आहे, पण दीड वर्षाचं लेकरू घरात असेल तर बाथरूमला बाहेरून कडी.

आणि उन्हाळ्यात गच्चीवर फुगवतात तो रबरी टब. संध्याकाळी "उद्या परत लागेल" म्हणून पाणी तसंच ठेवतात. ओता आणि टब पालथा घाला. खेळणीही टँकमध्ये तरंगत ठेवू नका, ती बघूनच लेकरू परत जातं.

गोदाआज्जी
कुणी पाण्यातून निघालं तर उलटं धरून गरगर फिरवायचं आणि पोट दाबून पाणी काढायचं, असं आमच्या वेळी करायचे. बुडालेल्याला मिठात ठेवलं की जिवंत होतो म्हणून पण व्हॉट्सअॅपवर आलं होतं. ते खरं का?

सिस्टर_माई
आज्जी, बरं झालं विचारलंत. तिन्ही नको. पोट दाबलं की पोटातलं वर येतं आणि तेच फुप्फुसात जातं. फिरवण्यात वेळ जातो. मिठाचं तर निव्वळ खोटं आहे, आणि त्या नादात लोक तासन्‌तास दवाखान्यात नेत नाहीत.

बाहेर काढलं की हाक मारा, हलवून बघा. श्वास नाही किंवा नुसते आचके देतंय, तर लगेच सुरू करायचं. लेकराला कडक जागी उताणं ठेवा, हनुवटी किंचित वर. बुडलेल्याला आधी श्वास द्यायचे, कारण त्याला हवाच कमी पडलेली असते. युरोपातल्या मार्गदर्शनात आधी पाच श्वास सांगतात, अमेरिकेतल्यात दोन. आकड्यासाठी थांबू नका. छाती फुगताना दिसली पाहिजे. मग छातीच्या मधोमध ३० वेळा दाबणं, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीनं. मग २ श्वास. तान्ह्याला छातीभोवती दोन्ही हात धरून दोन अंगठ्यांनी, मोठ्या लेकराला तळहातानं. दुसऱ्या कुणीतरी १०८ लावायचा. एकटेच असाल तर फोन स्पीकरवर टाकून दाबत राहा. मदत येईपर्यंत थांबायचं नाही.

शुद्धीवर आलं, रडलं, दूध प्यालं, तरी दवाखान्यात दाखवायचंच. पुढच्या काही तासांत खोकला वाढणं, दम लागणं, विनाकारण झोपाळणं असं दिसलं तर गाडी काढा.

हे वाचून येत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी प्रशिक्षणं होतात, बाहुलीवर करून घेतात. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसानं करावं, आज्जी-आजोबांनी आणि कामाला येणाऱ्या मावशींनीसुद्धा. दुपारी लेकरं त्यांच्याजवळच असतात ना.

बारव
माईंचा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवा, मालक.

जुना_गडी
मिठाचं मी पण खरं धरून चाललो होतो. चार जणांना पुढे पाठवलं होतं. त्यांना आता हे पाठवतो.
बाकी पांगऱ्याच्या बिंड्यावर मी ठाम आहे.

सय्यद_सर
बिंडा घेऊन या गडी, माझ्या टँकवर. ढकलायचं मात्र नाही.

खवचट_खंडू
एक गंभीर प्रश्न, खरंच. भाड्यानं मिळतात ते टँकवाले फार्महाऊस, दौलताबाद-म्हैसमाळ बाजूला. एका ठिकाणी आम्ही गेलो, कुंपण नाही, पाणी हिरवं, तळ दिसत नाही. मालक म्हणाला, "लेकरांची जबाबदारी तुमची." बरोबर आहे म्हणा. पण तिथं करायचं काय?

गोदावरी_ते_ब्रिस्बेन
तळ दिसत नसेल तर कुणीच उतरायचं नाही. खाली पडलेलं लेकरू दिसणारच नाही. बाकी ठिकाणी पोचल्यापोचल्या सामान उतरवायच्या आधी टँक कुठं आहे आणि कुठल्या दारातून तिकडे जाता येतं ते बघायचं. लेकरू दिसेनासं झालं तर पहिलं पाण्यात बघायचं, खोल्या, पलंगाखाली, गाडीत नंतर. लोक हमखास उलटं करतात.

मांजरा_काठ
मंडळी, मनापासून आभार. काल आर्किटेक्ट, बायको, अण्णा आणि मी बसलो. ठरलं ते सांगतो.

हॉलचं सरकतं दार रद्द. तिथं मोठी पक्की काच, न उघडणारी. टँक स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल असा चार फूट सरकवतोय, खड्डा थोडा वाढवावा लागेल. चारी बाजूंनी साडेचार फूट उभ्या गजांचं कुंपण, एकच गेट, टँकपासून बाहेर उघडणारं. ड्रेन दोन. क्लोरिनचे डबे आणि अॅसिड वेगवेगळ्या कपाटात, कुलपात. धाकटा चार वर्षांचा होईपर्यंत टँक भरायचाच नाही असा बायकोचा आग्रह होता. त्यावर अजून तह झालेला नाही, पण माझं पारडं हलकं आहे.

अण्णांनी कुंपणाला हो म्हटलं, एका अटीवर : गेटच्या बाहेर त्यांना बसायला दगडी ओटा हवा. आता तो ओटा ९० सेंटिमीटरच्या पट्ट्यात येतोय.

गोदावरी_ते_ब्रिस्बेन
नापास. ओटा मीटरभर मागे घ्या. लेकरू ओट्यावर चढलं की साडेचार फुटांचं कुंपण तीन फुटांचंच उरतं.

बारव
पाणी आटलेल्या वर्षी टँक रिकामा राहिला तरी जाळी काढू नका. रिकाम्या टँकमध्ये पाऊस साचतो, आणि चार फुटांवरून कोब्यावर पडणंही कमी नाही.

मांजरा_काठ
ओटा मागे घेतो, अण्णांना मी सांगतो. जालनेकर, गेटसाठी स्प्रिंगची बिजागरी घ्यावी की दुकानांच्या दारांना असतो तसला क्लोजर?

फॅब्रिकेशन_जालना
उघड्यावर क्लोजर टिकत नाही, तेल गळतं. ताण कमीजास्त करता येतो तसली स्प्रिंगची बिजागरी घ्या, दोन नाही, तीन. खिट्टी चुंबकाची चालेल, उंचीवर बसवा. गेटच्या खालची जमीन मात्र आधी समतल करून घ्या. तुम्ही पाठवलेल्या फोटोत उतार बाहेरच्या बाजूला दिसतोय. गेटचा खांब तिकडे कलला तर गेट स्वतःच्या वजनानं उघडं राहायला बघतं आणि स्प्रिंग सहा महिन्यांत सैल पडते. कोबा झाला की माप पाठवा, त्याआधी गेट बनवून घेऊ नका.

मांजरा_काठ
ठीक. मिस्त्रीला उद्याच सांगतो. माप तुम्हाला निरोपात पाठवतो.